फुलाला लागणारी रात्र



या व्यासपीठावर मी यापूर्वी दोनदा उभा राहिलो. दोन्ही वेळा विषय पगाराचा आणि बोनसचा होता. यंदा मी चिटणिसांना 'कलांचोची लागवड' असा विषय कळवला, तेव्हा त्यांचा लगेच फोन आला. "अण्णा, पत्रिका छापायला टाकायची आहे. थट्टा नको, खरा विषय सांगा." मी म्हटले, "हाच खरा विषय आहे." आपण पत्रिका वाचूनही आलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आरंभीच एक कबुली देतो. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नाही. माझी शाळा दहावीत सुटली. पुढे जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य शोधू नका. कुंडीत हात घालून जे कळले आणि मागाहून पुस्तकांत ताडून पाहिले, तेवढेच सांगणार आहे.

कलांचो आपण सर्वांनी पाहिलेला आहे. वीतभर उंचीचे झाड, जाड, मांसल, कडेला बोथट दाते असलेली गर्द हिरवी पाने, आणि वर बारीक फुलांचा दाट घोस. रंग लाल, केशरी, पिवळा, गुलाबी किंवा पांढरा. फूल नीट पाहिले तर पाकळ्या चारच दिसतील. अलीकडे भरगच्च पाकळ्यांच्या जाती निघाल्या आहेत, पण मूळ फूल चार पाकळ्यांचेच. याचे माहेर मादागास्कर बेट. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीतील पॉट्सडामच्या रॉबर्ट ब्लॉसफेल्ड नावाच्या गृहस्थांनी ते बाजारात रूढ केले, म्हणून शास्त्रीय नावात 'ब्लॉसफेल्डिआना' हा शब्द बसला. आज जगातल्या फुलबाजारात हजारो मैल फिरणारे हे झाड आपल्याकडे रोपवाटिकेच्या दारात चहाच्या पेल्याएवढ्या कुंडीत मांडलेले असते.

याची सख्खी चुलत बहीण आपल्या ओळखीची आहे. ती म्हणजे पानफुटी. शाळेत वहीच्या पानांत तिचे पान ठेवून कडेला फुटणारी पिल्ले आपण मोजली आहेत. या पानफुटीची एक हकीकत हिंदुस्थानातच घडली. बेंजामिन हाइन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिणेत कंपनी सरकारच्या नोकरीत होता. त्याच्या ध्यानात आले की, पानफुटीचे पान सकाळी चाखले तर आंबट लागते आणि दुपारी त्याला काही चवच उरत नाही. त्याचे हे पत्र १८१५ साली लंडनमध्ये छापले गेले. उलगडा पुष्कळ काळाने झाला. बहुतेक झाडे दिवसा पानांची छिद्रे उघडून हवा घेतात. ही मंडळी उन्हाळ देशातली. दिवसा छिद्रे उघडली तर अंगातले पाणी उडून जायचे. म्हणून ती दिवसा खिडक्या लावून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतात आणि दिवसा उन्हाच्या मदतीने त्याची साखर करतात. म्हणून पहाटे पान आंबट. आमच्या भाषेत सांगायचे तर कच्चा माल रात्रपाळीत उतरतो आणि पक्का माल दिवसपाळीत होतो. हे चाखण्याचा प्रयोग मात्र आपण करू नका. या कुळातल्या झाडांत हृदयाला अपाय करणारे विष असते. शेळी, गाय, मांजर, कुत्रा आणि लहान मूल यांच्या तोंडापासून कुंडी दूर ठेवावी.

आता लागवडीकडे वळतो.

या झाडाचा मृत्यू बहुधा मायेने होतो. पान जाड आहे याचा अर्थ पाण्याची टाकी त्याच्या अंगातच आहे. आपण रोज तांब्याभर पाणी ओततो, मुळे गुदमरतात, खोड बुडाशी काळे पडते आणि एके दिवशी झाड हातात येते. म्हणून मातीची कुंडी घ्यावी, बुडाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा. दोन भाग बागेची माती, दोन भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत पुरे. मातीत बोट दोन पेरांपर्यंत घालून पाहावे. कोरडे लागले तरच पाणी द्यावे, आणि तेही बुडाशी. पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या आत घ्यावी. सकाळचे तीन-चार तासांचे ऊन याला मानवते. वैशाखातले दुपारचे ऊन नको, पाने तांबडी पडून करपतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण समजावा आणि साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने पुसून काढावा.

रोपे वाढवणे तर फारच सोपे. फुले सुकली की तुरे कापून टाकावेत. झाड नवे शेंडे फोडील. फूल नसलेला, दोन-तीन इंच लांबीचा शेंडा धारदार पात्याने कापावा आणि खालची पाने काढावीत. इथे सगळे चुकतात. कापला की लगेच मातीत खोचतात. तसे करू नये. दोन दिवस तो सावलीत नुसता पडू द्यावा. जखम सुकून तिच्यावर खपली धरली पाहिजे, नाही तर ओल लागून कुजते. मग ओलसर वाळूत खोचून सावलीत ठेवावा. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. रोप चार बोटे वाढले की त्याचा शेंडा खुडावा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटून झाड भरदार होते. बी राखेसारखे बारीक असते, आणि संकरित झाडाच्या बियांतून आईचाच रंग येईल असा भरवसा नाही. छाट कलमाचा रंग मात्र हमखास तोच.

इथपर्यंतचे ज्ञान कोणीही माळीबुवा आपल्याला देतील. माझे खरे व्याख्यान यापुढे आहे.

सात वर्षांपूर्वी आमच्या एका सभासदाने मला फुललेला कलांचो भेट दिला. त्यांना आम्ही सारे तात्या म्हणतो. रात्रपाळीचे कामगार, बोलणे बेताचे. मी कुंडी युनियनच्या कचेरीत खिडकीत ठेवली. फुले गेली, पाने आली, झाड चांगले दुणावले. पुढच्या हिवाळ्यात फूल नाही. मी खत वाढवले. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही फूल नाही. पाने मात्र तळहाताएवढी. दसऱ्याच्या सुमारास तात्या कसल्याशा अर्जासाठी संध्याकाळी आले होते. कुंडीकडे पाहून म्हणाले, "अण्णा, खिडकीबाहेर रस्त्याचा दिवा आहे. रात्रभर उजेड येतो. याला रात्र मिळतेच कुठे?"

मी हसलो. पण कुंडी घरी नेली आणि आमच्या मंडळींनी ती मागच्या अंगणात, जिथे संध्याकाळनंतर दिवा लागत नाही, तिथे ठेवली. डिसेंबर संपता संपता कळ्या दिसल्या. मग मी वाचनालयात गेलो.

तिथे कळले ते असे. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या दोघांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवले की, फुलायचे केव्हा हे पुष्कळ झाडे दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी त्याच्यापुढचे पाऊल टाकले. झाड मोजते ते रात्र. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तरी सगळी रात्र फुकट जाते. दोन अर्ध्या रात्री मिळून एक पुरी रात्र होत नाही. कलांचो याच जातीचा. त्याला बारा-तेरा तासांची सलग, अखंड रात्र लागते, आणि तीही एखादी नव्हे तर ओळीने कित्येक आठवडे. पुण्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. म्हणून आपल्याकडे त्याचा बहर हिवाळ्याच्या अखेरीस. जर्मनीत हार्डर यांनी याच झाडावर आणखी एक प्रयोग केला. एकाच पानाला लांब रात्र दिली आणि बाकीच्यांना लांब दिवस, तर त्या पानाच्या रांगेत वर फुले आली. म्हणजे रात्र मोजते पान, आणि निरोप पोचतो शेंड्याला.

तेव्हा कृती अशी. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत कुंडी अशा जागी ठेवा की सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत तिच्यावर दिवा पडणार नाही. जागा नसेल तर संध्याकाळी पाच-सहाला वर पुठ्ठ्याचे खोके घाला, सकाळी सातला काढा. निदान सहा आठवडे एकही दिवस चुकवू नका. दिवसाचे ऊन मात्र पूर्ण मिळू द्या. उन्हाळ्यात हा उद्योग करू नका. खोक्यात उकडते, आणि उष्ण रात्री कळी धरत नाही.

बंधुभगिनींनो, त्या हिवाळ्याची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. त्या साली कारखान्याला मोठी मागणी आली होती. ज्यादा पाळ्यांचा करार झाला. कायद्याच्या दुप्पट दरावर आम्ही आणखी भत्ता मिळवला आणि फाटकावर पेढे वाटले. त्या करारावर सही माझी होती. दर किती हे मी तीन दिवस भांडलो. सलग किती रात्री, आणि मध्ये झोप किती, हे एकदाही विचारले नाही. जानेवारीत तात्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे यंत्रात गेली. पहाटेची चार वाजण्याची वेळ, आणि ओळीने बाविसावी रात्र. मी फुललेली कुंडी घेऊन इस्पितळात गेलो. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. डाव्या हाताने घोस वळवून पाहिला आणि म्हणाले, "बघा, उजेड काढला की झाले."

झाडाच्या नियमावरून माणसाचा नियम काढू नये, हे मला कळते. माणूस फुलत नाही, आणि इस्पितळ, आगगाडी, वीजघर रात्री बंद ठेवता येत नाही. पण आमच्या चळवळीचा इतिहास मी त्या दिवसानंतर पुन्हा वाचला. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. पुढे १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. सूर्य मावळला की सुटणारा माणूस दिव्याने अडकला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा घातली, १९२२ ने अकरा, १९३४ ने दहा, १९४६ ने नऊ, आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस. एकेक तास मिळवायला दहा-दहा वर्षे लागली. आमच्या आजोबा-पणजोबांनी पैशासाठी संप केले तसे काळोखासाठीही केले, आणि तो काळोख मी भत्त्याच्या भावाने विकला. रात्रपाळी ही माणसात कर्करोग होण्याचे संभाव्य कारण आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली म्हटले आणि २०१९ साली पुन्हा तपासून तेच कायम ठेवले. हे मी करारापूर्वीच वाचायला हवे होते.

त्यानंतरच्या प्रत्येक करारात मी एक कलम आधी मांडतो. ओळीने सहा रात्रींहून अधिक नाही, आणि दोन पाळ्यांमध्ये पुरती झोप. दराचे बोलणे त्याच्यामागून. काही वेळा त्यापायी दोन पैसे कमी मिळतात आणि आमचेच सभासद माझ्यावर रागावतात. त्यांचा राग खोटा नाही, कारण पैशाची नडही खरी आहे. तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगतो. काहींना पटते, काहींना पटत नाही.

तात्या आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या झाडापासून मी आजवर केलेली छाट कलमे आमच्या पुष्कळ सभासदांच्या घरी आहेत. आजही दाराशी एका टोपलीत चाळीस शेंडे आणून ठेवले आहेत. परवा कापले आहेत, खपली धरलेली आहे. जाताना प्रत्येक घरटी एक न्यावा. घरी गेल्यावर वाळूत खोचा, पाणी बेताने द्या, आणि दसरा आला की आठवणीने त्याच्यावरचा दिवा बंद करा. त्याच वेळी घरात कोणी रात्रपाळी करून दिवसा निजत असेल, तर त्याच्या खोलीचा पडदाही ओढून घ्या, आणि मुलांना अंगणात खेळायला पाठवा.