अंगठ्यांची रेघ
(महिला शिबिरात केलेले भाषण. थोडे कमी करून छापले आहे.)



मला मुलींच्या शिक्षणावर बोलायला सांगितलंय. मी बारावीपर्यंतच शिकले, त्यामुळे मोठं भाषण काही जमणार नाही. दोन ठिकाणचे आकडे आणलेत आणि पिशवीभर फोडलेले चिंचोके आणलेत.

आधी आकडे. जनगणनेत सात वर्षांवरच्या माणसाला लिहिता-वाचता येतं का ते विचारतात. १९९१ साली महाराष्ट्रात १०० आदिवासी बायांपैकी ७६ जणींना येत नव्हतं. २००१ साली ५७ जणींना. केरळातल्या आदिवासी बायांमध्ये १९९१ ला ४९, २००१ ला ४२.

केरळ म्हटलं की लोक म्हणतात, तिथे तर सगळेच शिकलेले. खरंय, १८ एप्रिल १९९१ ला ते राज्य पूर्ण साक्षर झालं असं जाहीर केलं. आणि त्याच वर्षीच्या मोजणीत तिथल्या जवळजवळ निम्म्या आदिवासी बाया अंगठेवाल्या. 'पूर्ण' म्हणताना आपल्याला धरायचं राहून जातं, ते तिथेही तसंच.

मी आलेखाच्या कागदावर हे ठिपके मांडले आणि फूटपट्टीने रेघ पुढे ओढली. आपली रेघ त्या दहा वर्षांत १९ ने उतरली. म्हणजे २०११ ला ३८, २०२१ ला १९, आणि २०३१ ला शून्य! केरळची ७ ने उतरली, ती २०३१ ला २१ वर. मला लई आनंद झाला. आपण केरळला मागे टाकणार!

मग घरी आईकडे बघितलं. आई चाळिशीची आहे, शाळेचं तोंड बघितलेलं नाही. २०३१ ला तीही मोजणीत असेल. रेघ खरी व्हायची तर आईने एक तर तोवर शिकायला पाहिजे, नाहीतर मरायला पाहिजे. फूटपट्टीला माणसाचं वय कळत नाही.

म्हणून हे चिंचोके. इथे दोन पाडे मांडले. प्रत्येक पाड्यात वयाप्रमाणे पाच ओळी, एकेका ओळीत दहा बाया. खाली दहा-वीस वर्षांच्या पोरी, वर म्हाताऱ्या. सगळे काळी बाजू वर, कोणीच शाळेत गेलेलं नाही. दर दहा वर्षांनी वरची ओळ उचलायची, खाली नवीन ओळ ठेवायची. पहिल्या पाड्यात आजपासून प्रत्येक पोरगी शाळेत टिकते, म्हणून नवी ओळ सगळी पांढरी. दुसऱ्यात निम्म्याच टिकतात, पाच पांढऱ्या, पाच काळ्या.

वीस वर्षांनी मोजा. पहिल्यात ५० पैकी ३० काळ्या, दुसऱ्यात ४०. फार फरक दिसत नाही. साहेब येऊन बघेल तर म्हणेल, दोन्हीकडे प्रगती आहे. पन्नास वर्षांनी मोजा. पहिल्यात एकही काळी नाही. दुसऱ्यात २५. आणि पुढे शंभर वर्षं मांडत राहिलात तरी २५ च. आज जी दहा वर्षांची पोरगी शाळेतून सुटली, ती पन्नास वर्षं मोजणीत काळीच राहते.

मग निम्म्याच का टिकतात? ते तुम्हाला मी काय सांगायचं. दिवाळी झाली की आपण वीटभट्टीवर. पोरगी बरोबर, कारण धाकट्याला सांभाळायचं. पाऊस लागताना परत आलो की पटावर नाव असतं, पोरगी वर्गात नसते. ज्याची दोन एकर भाताची जमीन हातात राहिली, त्याला भट्टीची उचल घ्यावी लागत नाही, त्याची पोरगी आश्रमशाळेत राहते. आपल्या पाड्यात घरं मोजून बघा.

केरळाची आदिवासी रेघ तेव्हा अडकली होती, तीही मला जमिनीमुळेच वाटते. तिथे १ जानेवारी १९७० पासून कुळं जमिनीची मालक झाली, त्याचं कौतुक जगभर होतं. पण आदिवासी कागदावर कूळ कुठे होते? ते मजूर. १९७५ ला त्यांच्या गेलेल्या जमिनी परत द्यायचा कायदा केला, त्याचे नियम यायला १९८६ उजाडलं. आपला परत द्यायचा कायदाही त्याच सुमाराचा, १९७४ चा. त्यातलं आपल्या हातात किती आलं ते तुम्ही जाणता.

आता शेवटची गोष्ट, आणि ही आपल्याच घरची. वनजमिनीच्या दाव्याचे फॉर्म आपण भरतोय. कायद्यात लिहिलंय, लग्न झालेलं असेल तर पट्टा नवराबायको दोघांच्या नावाने. आमच्या घरचा फॉर्म आपल्याच एका कार्यकर्त्याने भरला, मनापासून भरला. मी नंतर वाचला. बायकोच्या नावाची जागा कोरी. आईचा अंगठा होता, पण साक्षीदाराच्या जागी. स्वतःच्या जमिनीची ती साक्षीदार! तिला वाचता येत नाही, बापाला येत नाही, आणि भरणाऱ्या दादाला ते खटकलं नाही. मी त्या दिवशी घरी नसते तर तो तसाच गेला असता.

म्हणून जेवण झाल्यावर सगळ्यांनी आपापल्या दाव्याच्या प्रती घेऊन इथेच बसा. ज्यांना वाचता येतं त्या सात-आठ पोरी आहोत. एकेक फॉर्म मोठ्याने वाचू. ज्याच्यात बायकोची जागा कोरी असेल तो वेगळा ठेवायचा, आणि सोमवारी वनहक्क समितीत नेऊन दुरुस्त करून घ्यायचा. समितीत तिसरा हिस्सा बाया असल्याच पाहिजेत, तेवढ्या आहेत का तेही त्याच दिवशी बघू. चिंचोके कुणी फेकू नका, संध्याकाळी पोरांना खेळायला लागतील.