एक एकर जागेचे मोल



चंद्रपूर-वणीकडची मंडळी आज ऐकत असतील, तर कोळशाची खाण म्हणजे काय हे त्यांना मी सांगायला नको. बाकीच्यांनी एवढेच डोळ्यांपुढे आणावे. वर काळीभोर सपाट जमीन, तिच्यात मका डुलतो आहे. आणि त्याच जमिनीच्या पोटात खोलवर, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात, माणूस कोळसा फोडतो आहे. अमेरिकेच्या इलिनॉय राज्याचे चित्र एके काळी असे होते. त्या राज्याच्या निम्म्याहून अधिक भूमीखाली कोळशाचे थर आहेत.

याच राज्यात, सेंट लुईस या मोठ्या शहराच्या ईशान्येस, माउंट ऑलिव्ह नावाचे गाव आहे. कागदोपत्री ते शहर. पण वस्ती म्हणाल तर दोन हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडचे बेताचे खेडेच की! आधी तेथे जर्मन शेतकरी आले. पुढे कोळसा निघाला, तशी युरोपातल्या नाना देशांची माणसे पोटासाठी आली. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. पण खाणीत छत कोसळू लागले म्हणजे ते भाषा विचारून कोसळत नाही. माणसे जवळ आली ती अशी.

1893 नंतर अमेरिकेत मोठी मंदी आली आणि खाणकामगारांची मजुरी घसरत गेली. 1897 च्या जुलैत देशभर संप झाला. माउंट ऑलिव्हचा एक खाणकामगार, अलेक्झांडर ब्रॅडली, सोबत्यांना घेऊन पायी निघाला आणि खाणीखाणीवर जाऊन संपाचा निरोप देत फिरला. डोक्यावर उंच रेशमी टोपी, अंगात लांब कोट! लोक त्याला कौतुकाने ‘जनरल’ म्हणत. संप यशस्वी झाला. 1898 च्या प्रारंभी करार झाला. दिवसाला आठ तास काम आणि त्या भागात टनामागे 40 सेंट मजुरी, असे ठरले.

पण उत्तरेकडील व्हर्डन गावची कंपनी हा दर देईना. तिने दूर दक्षिणेतील अलाबामा राज्यातून काळ्या मजुरांची गाडी भरून आणली. तेथे संप चालू आहे, हे त्या बिचाऱ्यांना सांगितलेच नव्हते. 12 ऑक्टोबर 1898 रोजी गाडी व्हर्डनला पोचली. गाडीत आणि खाणीच्या कुंपणाआड कंपनीचे बंदूकधारी पहारेकरी होते. रुळांच्या बाजूला आसपासच्या गावांहून आलेले संपकरी, तेही बंदुका घेऊन. काही मिनिटे गोळीबार झाला. सात-आठ खाणकामगार पडले, काही पहारेकरीही मेले. गाडी मजुरांना न उतरवताच पुढे निघून गेली. महिन्याभरात कंपनीने ठरलेला दर मान्य केला.

मेलेल्यांत माउंट ऑलिव्हचेही कामगार होते. आता खरी गोष्ट ऐका. गावच्या दफनभूमीत त्यांना सुखाने विसावा मिळेना. काहींच्या लेखी ते हुतात्मे, तर काहींच्या लेखी दंगेखोर. तेव्हा स्थानिक कामगार संघटनेने 1899 मध्ये एक एकर जागा स्वतः विकत घेतली आणि तेथे आपल्या माणसांसाठी दफनभूमी केली. जन्मभर दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीखाली राबलेल्यांना अखेर स्वतःची म्हणून एवढी जमीन मिळाली.

याच जागेत एका म्हातारीने विसावा मागितला. तिचे नाव मेरी हॅरिस जोन्स. खाणकामगार तिला ‘मदर जोन्स’, म्हणजे जोन्सआई म्हणत. आयर्लंडमध्ये 1837 साली जन्मलेल्या या बाईचा नवरा आणि चारही मुले 1867 च्या पीतज्वराच्या साथीत गेली. 1871 मध्ये शिकागोच्या आगीत तिचे शिवणकामाचे दुकान जळाले. मग साऱ्या खाणकामगारांनाच तिने आपली मुले मानले. व्हर्डनला पडलेल्या आपल्या मुलांशेजारी मला ठेवा, असे तिने सांगून ठेवले होते. 1930 मध्ये ती वारली आणि तसेच झाले. पुढे मंदीच्या दिवसांत, चूल पेटण्याची भ्रांत असताना, कामगारांनी पैसा-पैसा जमवून तिच्यासाठी 22 फूट उंच दगडी स्मारक उभारले. 1936 च्या ऑक्टोबरात त्याच्या अनावरणाला सुमारे 50,000 लोक लोटले!

पण मित्रहो, गोष्ट येथेच संपवली तर ती अर्धीच सांगितल्यासारखे होईल. त्या गाडीतल्या काळ्या मजुरांचे काय? तेही पोटासाठीच निघाले होते, आणि त्यांना फसवून आणले होते. संपकऱ्यांचा राग कंपनीवर होता, तसा कातडीच्या रंगावरही होता, हे लपवून चालणार नाही. स्मारकाभोवती माणसे जमली; त्या गाडीतल्या माणसांची नावे मात्र इतिहासाने फारशी टिपून ठेवली नाहीत. भुकेल्याला भुकेल्याविरुद्ध उभे करणे किती सोपे असते, हे या गावाकडून शिकावे, आणि एकजुटीच्या कुंपणाबाहेर आपण कोणाला ठेवतो आहोत, हेही तपासावे.

आज तेथल्या खाणी बंद होऊन बराच काळ लोटला. खाणीत जायबंदी झालेल्या हेन्री सोल्सबी नावाच्या एका कामगाराने 1926 मध्ये साठवलेल्या पैशातून मोटारींना पेट्रोल देण्याचा छोटा पंप घातला. शिकागोहून लॉस एंजेलिसकडे जाणारा प्रसिद्ध 66 क्रमांकाचा हमरस्ता त्याच्या दारावरून जाई. पुढे तो रस्ताही नकाशावरून गेला. पंपावरची विक्री 1991 मध्ये थांबली. इमारत लोकांनी जपून ठेवली आहे. कोळसा गेला, रस्ता गेला. ती एक एकर जागा मात्र गावाकडेच राहिली.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. येत्या 1 मे रोजी, महाराष्ट्रदिनी आणि कामगारदिनी, मुलांना आपल्या गावातली विहीर, बंधारा, जुना रस्ता दाखवा आणि विचारा: “हे कोणी खणले? कोणी बांधले? त्यांची नावे कोठे आहेत?” मुलांना उत्तर सापडले नाही, तर म्हाताऱ्यांकडे जाऊन विचारा. म्हातारी माणसे आहेत तोवर विचारा.