फाउंटनचा दगड आणि आपली माणसे



आम्ही चार बुकं शिकलेली माणसे. इतिहास सांगायला उभे राहिलो म्हणून हसू नका. गावाहून मुंबईला आलो तेव्हा सुट्टीच्या दिवशी कोटात गेलो, कारंजे पाहिले, गेटवे पाहिला, चणे खाल्ले आणि परत आलो. हे कोणी उभारलं, कोणाच्या पैशाने, हे विचारायचं सुचलंच नाही.

आता विचारू या. फाउंटनवरची दगडी बाई म्हणजे फ्लोरा, रोमन लोकांची फुलांची देवी. दगडसुद्धा विलायतेचा. हे कारंजे १८६४ सालचे. तेव्हा अमेरिकेत लढाई चालू होती, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पिकवला शेतकऱ्याने, गासड्या वाहिल्या हमालांनी, मुंबई मात्र शेठसावकारांची सजली. कारंजे बसायचे होते भायखळ्याला राणीच्या बागेत, बसले कोटात.

आणि काळा घोडा? तो कोटात होता, तो गेला राणीच्या बागेत! त्या घोड्यावर विलायतेचा युवराज बसला होता, पुढे सातवा एडवर्ड झाला तो. १८७९ साली पुतळा बसवला. पैसे दिले अल्बर्ट ससून यांनी. कापूस, अफू आणि पुढे गिरण्या, हे त्या घराण्याचे धंदे. देणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. साचे चालवणाऱ्यांचे? १९६५ साली पुतळा हलवला, पण लोक त्या जागेला अजून काळा घोडाच म्हणतात. २०१७ साली तिथे नवा घोडा आला. त्याच्यावर स्वार नाही. हे मात्र आम्हांला आवडले.

गेटवेची गंमत ऐका. राजा पाचवा जॉर्ज आला १९११ साली, आणि दरवाजा पुरा झाला १९२४ साली. पाहुणा जेवून गेला आणि तेरा वर्षांनी मांडव उभा राहिला! पण त्याच दरवाज्यातून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गोऱ्यांची शेवटची पलटण बोटीवर चढली. १९६१ साली जवळच शिवछत्रपती घोड्यावर बसले.

आता आपल्या माणसांकडे या. बाबू गेनू आपल्यातलाच, पुणे जिल्ह्यातल्या महाळुंग्याचा, गिरणीत काम करणारा. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाची लॉरी अडवायला आडवा झाला. लॉरी अंगावरून गेली. पोराचं वय बाविसाच्या आसपास. कापड विणणारा हात कापडासाठीच गेला, बंधूंनो. त्याच्या नावाची गल्ली तिथे आहे. तिथून पाटी न वाचता कितीजण जातात, ते आम्ही उभे राहून पाहिले आहे.

आणि २१ नोव्हेंबर १९५५. मुंबईसह महाराष्ट्र मागायला कामगारांचे मोर्चे विधानसभेकडे निघाले. याच फाउंटनपाशी लाठी चालली, अश्रुधूर झाला, मग गोळी. पंधरा जण गेले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या हाती देणार अशी घोषणा झाली आणि गिरगावपासून लालबागपर्यंत पुन्हा रक्त सांडले. एकशे पाच हुतात्मे ही घोषणा तेव्हाची. पुढे यादीत नावे वाढली. त्यांत पुष्कळ आपल्या खात्यांतले, चाळींतले. १ मे १९६० ला राज्य झाले, मुंबई राजधानी झाली.

फ्लोराच्या शेजारी त्यांचे स्मारक आहे. शेतकरी आणि कामगार, दोघांच्या हाती एकच मशाल. कोटातल्या एवढ्या राजेरजवाड्यांत धोतर नेसलेल्यांना आणि घाम गाळणाऱ्यांना मिळालेली जागा ही एवढीच. ही कोणा शेठने देणगी म्हणून दिली नाही.

तरी आपलीच माणसे बसमध्ये चढून काय मागतात? "एक फाउंटन." आम्हीही मागत होतो. आता "हुतात्मा चौक" म्हणतो. कंडक्टर क्षणभर तोंडाकडे बघतो, मग तिकीट देतो. गेल्या वेळी शेजारच्या पोराने विचारलं, "हुतात्मा म्हणजे कोण हो काका?" चौक येईपर्यंत आम्ही त्याला सांगत होतो.