लिफ्टच्या आधी जमीन

आज शेळीपालन नाही, शिलाई मशीन नाही आणि पापडही नाहीत. आज आम्ही तुमच्याशी गाडी उचलायच्या लिफ्टबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आमच्या गटाचे तीन महिने या एका विषयात गेले.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या घराला लागून पत्र्याचं शेड आहे. त्यांचे मालक तिथे गाड्या दुरुस्त करतात. वडापच्या जीपा येतात, शाळेतल्या गुरुजींच्या छोट्या गाड्या येतात. एका सकाळी जॅकवर उचललेल्या गाडीखाली ते आडवे झाले होते आणि जॅक घसरला. काढलेलं चाक त्यांनी सवयीनं गाडीखाली सरकवून ठेवलं होतं. गाडी त्या चाकावर टेकली, म्हणून माणूस वाचला. ताई भाकरी थापत होत्या, तशाच पिठाच्या हातानं धावल्या. पुढच्या बैठकीत त्यांनी दोन खांबांच्या लिफ्टसाठी कर्ज मागितलं.

गटातल्या एक आजी म्हणाल्या, "जॅक नीट लावा म्हणावं, लाखाची लिफ्ट कशाला?" आजींचं निम्मं बरोबर होतं. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, उचललेलं वजन लोखंडी घोड्यांवर ठेवायचं असतं. तेव्हा कर्ज मिळेपर्यंत चार घोड्या घ्यायच्या, हे आम्ही त्याच दिवशी ठरवलं. ज्यांच्या घरी गाडीखाली कुणी शिरतं, त्यांनी हे आजच करावं.

मग लिफ्टच्या किमतीएवढ्या कर्जाचा ठराव झाला. इथे आमचं चुकलं. आम्ही शिलाई मशीनसारखा हिशोब केला, की वस्तू आणली, ठेवली आणि काम सुरू. शेडमध्ये जाऊन टेप लावला तेव्हा डोळे उघडले. दोन खांबांची बाहेरून बाहेर रुंदी अकरा फुटांच्या आसपास जाते. लिफ्ट गाडीला साधारण सहा फूट उचलते, आणि जीप स्वतः सहा फुटांहून उंच. म्हणजे बारा फूट झाले. आमचं शेड कडेला दहा आणि मधे तेरा फूट. म्हणून खांब मधोमध घ्यायचे ठरले, आणि वरून आडवी दांडी असलेली लिफ्ट न घेता जिचे पाइप जमिनीवरच्या पट्टीखालून जातात तशी घेतली. तिचे खांब बुटके असतात. जीप कुठपर्यंत उचलायची, ती लाल रेघ खांबावर ओढली आहे.

खरी गोष्ट जमिनीची. विकणारा म्हणाला, "कोबा छान आहे, यावरच बोल्ट मारतो." ताईंनी विचारलं, "कोबा जाड किती आहे?" त्याला सांगता येईना. मग ताईंनीच कोपऱ्यात ड्रिलनं भोक पाडायला लावलं. अडीच इंचांवर मुरूम लागला!

मैत्रिणींनो, पोर कडेवर घेतलं की आपण दुसऱ्या अंगाला झुकतो ना? खांबाला झुकता येत नाही. गाडीचं वजन त्याला आत ओढतं आणि बाहेरच्या बाजूचे बोल्ट जमिनीतून उपटायला बघतं. पातळ कोब्यात तो बोल्ट धरणार कशाला? वर टन-दीड टनाची गाडी आणि खाली आपला माणूस. जुनी फरशी फोडून, खाली दगडाचं सोलिंग करून सळई घातलेलं सहा इंचांचं काँक्रीट टाकायचं ठरलं. त्यासाठी दुसऱ्यांदा ठराव करावा लागला. पैसे मातीत घालायचे म्हणून कुरकुर झालीच.

काँक्रीटला पुरती ताकद यायला २८ दिवस लागतात. गोणपाट घालून पाणी मारायचं काम ताई आणि त्यांच्या सासूबाईंनी केलं. तेवढे दिवस शेड बंद, कमाई बंद. म्हणून पहिला हप्ता आम्ही दोन महिन्यांनी धरला. असं कर्ज देताना वस्तूच्या किमतीबरोबर हे रिकामे दिवसही धरा. नाहीतर हप्त्याच्या घाईनं कुणीतरी ओल्या काँक्रीटवर बोल्ट मारतं.

विजेचंही आधी बघा. लिफ्टची मोटर थ्री फेजची असते तशी सिंगल फेजचीही मिळते. आपल्या मीटरवर किती भार मंजूर आहे ते वायरमनला विचारूनच मागणी नोंदवा. दुसरं असं, की खांबात दाते असतात. गाडी वर जाताना खटखट आवाज येतो. हवी तेवढी उचलली की किंचित खाली सोडून दात्यांवर टेकवायची, म्हणजे वजन तेलाच्या दाबावर राहत नाही, लोखंडावर बसतं. तोपर्यंत कुणी खाली जायचं नाही. खाली घेताना मात्र आधी थोडी वर उचलावी लागते आणि त्याला वीज लागते. दिवे गेले तर गाडी वरच राहते. एकदा गुरुजींची गाडी दुपारभर वर होती, आणि गुरुजी ताईंच्या ओट्यावर चहा पीत बसले होते.

आता लिफ्ट सुरू होऊन सहा महिने झाले. हप्ते वेळेवर येतात. आमच्या बैठकीच्या दिवशी सकाळी ताई पाना घेऊन दोन्ही खांबांचे बोल्ट तपासतात आणि मगच वही घेऊन निघतात. मालकांनी गाडी दात्यांवर टेकवली की नाही, हे त्यांना चुलीपाशी बसून आवाजावरून कळतं. नाही ऐकू आला तर तिथूनच हाक मारतात.