शेकडा कोणांपैकी?



२०११ च्या जनगणनेत आपल्या बालाघाट जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया आढळल्या. त्या गणतीतून एक चिठ्ठी उचलली, तर ती स्त्रीची निघण्याची संभाव्यता १०२१ भागिले २०२१, म्हणजे अर्ध्याहून किंचित अधिक. साऱ्या मध्यप्रदेशातून उचलली तर ९३१ भागिले १९३१, अर्ध्याहून कमी. प्रश्न तोच, फक्त 'कोणांपैकी' ही अट बदलली.

शिष्यवृत्ती ठरवताना ही अट विसरून चालत नाही. समजा, शंभर मुलींची पाहणी केली. साठ शाळेत टिकल्या. चाळीस जणींच्या आया साक्षर. दोन्ही गोष्टी किती जणींत? साठ शेकड्यांचे चाळीस शेकडा, म्हणजे चोवीस, असे घाईत आम्हीही मांडू. पण हा गुणाकार दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसेल तरच खरा. नोंदी मोजल्यावर बत्तीस निघाल्या असे धरा. मग साक्षर आयांच्या मुलींपैकी शेकडा ऐंशी टिकल्या, आणि उरलेल्या साठांपैकी अठ्ठावीस, म्हणजे निम्म्याही नाहीत. टिकलेल्यांपैकी साक्षर आयांच्या मात्र शेकडा त्रेपन्नच. एवढाच आकडा पाहून कोणी आयांचा साक्षरता वर्ग बंद करा म्हणेल, तर त्याने अट उलटी वाचली!

अर्थात घरची मिळकतच मायलेकी दोघींना शिकवीत असेल. तेव्हा पाहणीच्या कागदावर मिळकतीचाही रकाना असावा, एवढी आमची विनंती.