मॉरिशस : काळ्या दगडाचे बेट
(मंडळाच्या गणेशोत्सवात निंबोला येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीनंतर आम्ही तीन कुटुंबांतले नऊ जण मॉरिशसला जाऊन आलो. तेव्हापासून ‘फोटो कधी दाखवता?’ असे जो तो विचारतो आहे. फोटो फोनमध्ये आहेत, कधीही घरी या, चहा घेता घेता बघू. आज जरा वेगळे सांगायचे आहे.

प्रवासाचे आधी उरकून घेतो. मुंबईहून थेट विमान आहे, सहा-साडेसहा तासांचे. भारतीय पर्यटकाला व्हिसाचे पैसे पडत नाहीत, उतरल्यावर शिक्का मिळतो. घड्याळ दीड तास मागे करायचे. बेट उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ४५. म्हणजे आपण निंबोल्याहून निघून खंडव्याला पोचतो न पोचतो तोच देश संपला!

हे बेट ज्वालामुखीचे. समुद्राच्या तळातून लाव्हा वर येत येत सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी ते पाण्याबाहेर आले. आता तिथला ज्वालामुखी शांत आहे. शेजारच्या रियुनियन बेटावरचा मात्र अजून धगधगतो. क्युरपीप गावात ‘त्रू ओ सेर्फ’ नावाचे ज्वालामुखीचे मुख आहे. काठावरून गोल रस्ता, भोवती घरे, आत उतारावर दाट झाडी आणि तळाशी थोडे पाणी. आमच्यातल्या एकाला लगेच लोणार आठवले. पण लोणार उल्केच्या आघाताने झाले, हे आतल्या आगीने. शामारेलची सातरंगी माती पाहिली. लाव्हाचा दगड कुजून त्यातल्या लोखंडाने लाल, तपकिरी, जांभळी झालेली. कठड्याबाहेरून बघायची, दहा मिनिटांत बघून होते. त्यासाठी मोजलेले तिकीट आम्हाला महागच वाटले.

समुद्राविषयी मात्र किती सांगू! बेटाभोवती प्रवाळाचे कडे आहे. लाटा त्या कड्यावर फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे निवांत राहते. वाळू पांढरी, कारण ती दगडाची नव्हे, प्रवाळाच्या चुऱ्याची. दक्षिणेला ग्री-ग्री येथे हे कडे तुटलेले आहे. तिथे समुद्र थेट काळ्या कातळावर येऊन आदळतो. पोहायला मनाई आहे, आणि उभे राहूनही छातीत धडकी भरते. जाहिरातीतले निळे पाणी पाहून झाल्यावर हा किनारा जरूर बघा. आणखी एक, हॉटेलवाले किनारा आपलाच असल्यासारखे वागतात, पण कायद्याने तिथले किनारे सार्वजनिक आहेत. बिनधास्त चालत जावे.

आता मुद्द्याचे. बसने फिरताना उसाच्या शेतांत मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात, काही तर घराएवढे उंच. आपण शेतकरी माणसे, आमचे लक्ष तिथेच गेले. आपल्या सातपुड्याचा काळा दगडही लाव्हाच, पण साडेसहा कोटी वर्षे जुना. झिजून झिजून त्याची काळी माती झाली, म्हणून आपली कपाशी आणि केळी. मॉरिशसच्या जमिनीला तेवढा वेळ मिळालेला नाही. नांगराच्या फाळाला पावलोपावली दगड लागणार. मग ते दगड वेचले कोणी?

आधी गुलामांनी आणि नंतर आपल्या लोकांनी. ब्रिटिश राज्यात १८३५ साली तिथली गुलामगिरी संपली, त्याच सुमारास मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. ‘ॲटलास’ नावाचे जहाज २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुईला लागले. पुढच्या काळात जवळजवळ पाच लाख माणसे त्या बंदरात उतरली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशाची, बरीच मद्रास इलाख्यातली, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची. उतरल्यावर चढायच्या १६ दगडी पायऱ्या आजही आहेत. त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. २००६ पासून ती जागतिक वारसास्थळ आहे. आमच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत हा घाट नव्हता. पत्रिकेत दोन वेळा खरेदी होती. शेवटी एका खरेदीवर पाणी सोडून आम्ही तिथे गेलो, आणि त्या पायऱ्यांवर आमच्यातल्या बायका बराच वेळ काही न बोलता उभ्या राहिल्या.

कारकुनाने नोंदवहीत जसे ऐकले तसे नाव लिहिले. बापाचे किंवा आजोबांचे नाव पुढे घराण्याचे आडनाव झाले. म्हणून तिथे सखाराम, पांडू, भिवाजी ही आडनावे आहेत. एखाद्या दुकानाच्या पाटीवर फ्रेंच धाटणीच्या रोमन अक्षरांत ‘सखाराम’ वाचले की कसे वाटते, ते आम्हाला नीट सांगता येत नाही.

ओळखीतून ओळख काढत आम्ही पश्चिमेकडच्या एका मराठी कुटुंबाकडे गेलो. घरातली भाषा क्रिओल. ही फ्रेंचमधून घडलेली बेटाची बोली, सगळे धर्म आणि सगळ्या जाती ती बोलतात. घरच्या सत्तरीच्या आजी आमच्याशी मोडक्या मराठीत, मध्येच भोजपुरीसारख्या हिंदीत बोलत होत्या. डालपुरी खाऊ घातली. ती तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, पुरणपोळीची तिखट बहीण म्हणा. पण गणपतीचा विषय निघाला आणि आजी एकदम खुलल्या. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. घरोघरी दीड दिवसाचा गणपती, पुरुष झाकरी नाचतात. हे आपल्या कोकणातले जाखडी नृत्य, दीडशे वर्षांत नावात एक-दोन अक्षरे बदलली एवढेच. आजींच्या नातवाने आम्हाला आरती म्हणून दाखवली. वही रोमन लिपीत, उच्चार थोडे फ्रेंच, पण एक कडवे चुकले नाही. शाळेत त्याने मराठी विषय घेतला आहे. तिथे मराठी शिकायची सोय सरकारी शाळांत आहे.

मग आजींनी विचारले, तुमचे गाव रत्नागिरीपासून किती लांब? आम्ही म्हटले, आजी, आमचे गाव महाराष्ट्रात नाही, मध्य प्रदेशात आहे. त्यांना पटेना. ‘मग तुम्ही मराठी कसे?’

मंडळी, समुद्रापलीकडच्या त्या बाईने हा प्रश्न आम्हाला विचारावा! आम्ही १९५६ सालची राज्यांची पुनर्रचना सांगितली, बऱ्हाणपूर सांगितले, पिढ्यान् पिढ्या इथेच आहोत हे सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग आपण सारखेच.

हे इथे सांगण्याचे कारण आहे. गेल्या बैठकीत असा ठराव आला की पुढच्या वर्षापासून मंडळाचे मुलांचे कार्यक्रम हिंदीतच घ्यावेत, कारण मुलांना मराठी नीट समजत नाही. ठराव मांडणाऱ्यांचे खोटे नाही. आमची नातवंडेही घरात हिंदी बोलतात, भांडताना तर फक्त हिंदी. हिंदीशी आमचे वैरही नाही, तिच्यावरच आपले पोट आहे. ठरावाचा निर्णय सभेने घ्यावा. पण आम्हा नऊ जणांचे मत नोंदवून घ्या : नाटुकले हिंदीत असू द्या, आरती आणि एक पाठांतर स्पर्धा मराठीतच ठेवा. त्या मुलाला मराठीत गप्पा मारता येत नाहीत, तरी त्याच्या घरी मराठी संपलेली नाही, कारण वर्षातले दीड दिवस तिच्यासाठी राखून ठेवलेले आहेत. आपल्याकडे तर दहा दिवस आहेत.

आजींनी एक गोष्ट मागितली होती : मोठ्या अक्षरांतला, देवनागरीतला आरतीसंग्रह. नातवाला अक्षरे शिकवायला. बऱ्हाणपुरातून दोन प्रती घेतल्या आणि टपालाने पाठवल्या. पोचल्याचा निरोप फोनवर आला आहे.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी शेवटी थोडेसे. जानेवारी ते मार्च हा तिकडे उकाड्याचा आणि वादळांचा काळ, तो टाळा. मे ते ऑक्टोबर त्यांचा हिवाळा, हवा सुखद. क्युरपीपला मात्र पाऊस कधीही येतो, छत्री न्या. शाकाहारी जेवणाची अडचण पडत नाही. गंगा तलाव हे ज्वालामुखीच्या मुखातले तळे आणि त्याच्या काठची महादेवाची ३३ मीटर उंच मूर्ती सकाळी लवकर बघा, आणि प्रसाद माकडांपासून सांभाळा. सार्वजनिक बस स्वस्त आहे आणि बसमध्येच माणसे भेटतात.

पुढच्या वर्षी गणपतीतच जायचा आमचा विचार आहे. दीड दिवसाचा तिकडचा गणपती करून आपल्या विसर्जनाच्या आत परत येता येते, हिशेब करून पाहिला आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी दसऱ्यापर्यंत खजिनदारांकडे नावे द्यावीत. आत्तापर्यंत अकरा नावे आली आहेत.