घुबडाला थारा द्या
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



भाव पडला तरी उंदीर आपला वाटा सोडत नाही. त्याचा बंदोबस्त करणारा बिनपगारी राखणदार म्हणजे गव्हाणी घुबड. अशुभ म्हणून आपण त्याला हाकलतो आणि कणगी मात्र पोखरू देतो.

हा पक्षी घरटे विणत नाही. ढोलीत, पडक्या वाड्यात आयती जागा शोधतो. वाडे पडले, जुनी झाडे तुटली. आता जागा आपण द्यायची. २ फूट लांब, दीड फूट रुंद-उंच अशी फळ्यांची पेटी, ५-६ इंचांचे भोक, १२-१५ फुटांवर, पावसाच्या आडोशाला. अंडी ४ ते ७; महिनाभर उबवण, पुढे सुमारे २ महिने पिलांना उंदरांचा रतीब. पेटीखाली त्याने ओकलेल्या गोळ्या पडतील. त्या फोडा, कवट्या मोजा, हिशेब तुम्हीच मांडा.

अट एकच. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस हिंडतो. तो घुबडाने खाल्ला की विष घुबडाच्याही पोटात. म्हणून पेटी टांगाल त्या वस्तीवर हे औषध नको. घुबडाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहेच. पण आपल्या दाण्यासाठी तरी त्याला राखा.